राजदूत ३५० चे जोड-कार्बोरेटर आणि जुनी इंदूरमधील एक बिनपाटीचे दुकान

इंजिन उघडणारे हात इंदुरात पुष्कळ आहेत. सिलिंडर बोअर करून देणारे, क्रँक जुळवणारे, गिअरबॉक्सच्या आवाजावरून दोष ओळखणारे मिस्त्री या शहरात पूर्वीही होते आणि आजही आहेत. परंतु कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करून इंजिनाला देणारा भाग) पूर्ण उघडून, त्यातील प्रत्येक भाग तपासून, जे झिजले आहे ते गाडीमालकाच्या डोळ्यांसमोर धरून आणि जे चांगले आहे ते जसेच्या तसे परत बसवून देणारी जागा मला बराच काळ सापडत नव्हती. जुनी इंदूर भागातील एका अरुंद गल्लीत ती सापडली. तेथे झालेले काम जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या इतरांना तपशिलाने कळावे, यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. दुकानाला पाटी नाही. ते चालवणारे गृहस्थ इंदूरचेच मराठी, वयाने ज्येष्ठ आहेत आणि येणारे सगळे त्यांना काका म्हणतात. हाताशी आहे तेवढे काम पुरेसे असल्यामुळे नाव किंवा फोन नंबर कोठे लिहू नये, असे त्यांनी सांगितले आहे. त्यामुळे मीही येथे त्यांचा उल्लेख काका असाच करतो.

गाडी १९८६ ची राजदूत ३५० आहे. यामाहाच्या आर.डी. ३५० बी या मॉडेलवर बेतलेली ही मोटारसायकल एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात बनवली. एकूण ३४७ सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण एकाच दिशेने आत जाऊ देणारी झडप) आणि प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र मिकुनी कार्बोरेटर अशी तिची रचना आहे. हाय टॉर्क आणि लो टॉर्क असे तिचे दोन प्रकार निघाले, त्यांपैकी माझी लो टॉर्क. एका सिलिंडरच्या बुलेटचा कार्बोरेटर बिघडला तर गाडी तसे लगेच सांगते. दोन सिलिंडरच्या या गाडीत मात्र एक बाजू कमजोर पडली तरी दुसरी तिला ओढून नेते, आणि चालवणाऱ्याला केवळ गाडी थोडी जड चालते आहे एवढेच जाणवत राहते. त्या अवस्थेत ती महिनोन्महिने चालू शकते, आणि टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत धोका नेमका याच काळात वाढत जातो, कारण ज्या सिलिंडरला पेट्रोल कमी मिळते त्याचा पिस्टन आतल्या आत तापत असतो.

माझ्या गाडीची लक्षणे परस्परविरोधी होती. उजव्या स्पार्क प्लगचा रंग पांढुरका, म्हणजे पेट्रोल कमी, आणि डावा प्लग काळा व ओला, म्हणजे पेट्रोल जास्त. रेस सोडल्यावर आयडलिंग लगेच खाली न येता वरच लटकून राहत असे. सिग्नलला उभे असताना डावीकडच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असे. काकांकडे जाण्यापूर्वी शहरातीलच दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये दोन्ही कार्बोरेटरची ‘फुल सर्व्हिस’ करून घेतली होती. तेथे खालचे बाऊल (पेट्रोल साठणारी वाटी) काढून स्प्रे मारला गेला, जेटमधून (पेट्रोल मापाने सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी भागातून) तार फिरवली गेली आणि गाडी संध्याकाळी हातात मिळाली. काही दिवस ती बरी चालली आणि नंतर पूर्वीपेक्षा अधिक बिघडली. या सर्व्हिसने नेमके काय केले होते, ते काकांच्या टेबलावर कळले.

काकांची पहिली पद्धत मला फार आवडली, आणि ती म्हणजे गाडीशिवाय नुसते कार्बोरेटर ते कामाला घेत नाहीत. गाडी स्टँडवर लावून त्यांनी आधी ती सुरू केली, थोडी तापू दिली आणि कार्बोरेटर व इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडावर कार्ब-क्लीनरचा बारीक फवारा मारला. उजव्या बाजूला फवारा पडताच आयडलिंग बदलले. म्हणजे त्या रबराला तडा गेला होता आणि तेथून मोजमापाबाहेरची हवा आत जात होती. कार्बोरेटर कितीही स्वच्छ केला असता तरी लटकणारे आयडलिंग त्यामुळे गेलेच नसते. त्यानंतर त्यांनी पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडून टॉर्चने आत पाहिले आणि पेट्रोल कॉक काढून त्याची जाळी तपासली. टाकीत गंज निघाला तर ते गाडी परत पाठवतात, कारण गंजलेल्या टाकीखाली साफ केलेला कार्बोरेटर बसवणे म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणे होय, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या टाकीत गंज नव्हता, पण कॉकची जाळी फाटलेली होती आणि ती बदलावी लागली. दोन्ही कार्बोरेटरना जोडणारी चोकची बारीक रबरी नळी कडक होऊन एका टोकाला चिरली होती. ती त्यांनी न विचारता बदलली, आणि बदलली तेच योग्य झाले.

बाऊलचे स्क्रू काढताना त्यांनी वापरलेल्या स्क्रू ड्रायव्हरकडे लक्ष देण्यासारखे आहे. जपानी कार्बोरेटरचे चार खाचांचे स्क्रू दिसायला आपल्याकडच्या साध्या स्टार स्क्रूसारखे असले, तरी त्यांची खाच जपानी जेआयएस मापाची असते. अशा अनेक स्क्रूंच्या माथ्यावर ओळखीसाठी एक बारीक ठिपका असतो. साधा ड्रायव्हर त्या खाचेच्या तळापर्यंत पोहोचत नाही, जोर लावताच घसरतो आणि माथा गोल करून ठेवतो. इंदुरात मी पाहिलेल्या जुन्या गाड्यांपैकी बहुतेकांच्या बाऊलचे स्क्रू असेच कुरतडलेले आहेत, आणि माझ्या गाडीवरही तीन तसे होते. काकांकडे त्या मापाचे ड्रायव्हर आहेत. अडकलेला स्क्रू ते गरम हवेने सैल करतात आणि मगच फिरवतात. तिन्ही स्क्रू न तुटता निघाले.

जेट बाहेर आल्यावर त्यांनी घड्याळजीचे भिंग माझ्या हातात दिले. डाव्या पायलट जेटचे (कमी रेसवर पेट्रोल देणाऱ्या जेटचे) भोक उजेडाकडे धरून पाहिले तेव्हा ते गोल दिसत नव्हते. एका बाजूने ते किंचित लांबट झाले होते आणि कडेला आतून बाहेर गेलेले दोन चमकदार ओरखडे होते. “हे तारेनं झालंय, पेट्रोलनं नाही होत असं. बघा, कड कशी उचललीय,” एवढेच ते म्हणाले. पितळ मऊ असते आणि पोलादी तार त्याच्यापेक्षा कठीण असते, इतकी ही साधी गोष्ट आहे. पायलट जेटच्या भोकाचा व्यास अर्ध्या मिलिमीटरच्याही आसपास नसतो, त्यामुळे तेथे केसाएवढा फरक पडला तरी मिश्रण बदलते. डावा प्लग ओला का होत होता, याचे एक कारण तेथे दिसले. दुसरे कारण फ्लोटच्या (बाऊलमधील पेट्रोलावर तरंगणाऱ्या भागाच्या) नीडलवर, म्हणजे पेट्रोल आत येण्याची वाट बंद करणाऱ्या सुईवर होते. तिच्या निमुळत्या टोकाभोवती, ती बैठकीवर टेकते त्या जागी, नखाला जाणवेल अशी गोल वळी पडली होती. अशी नीडल बंद होऊनही पूर्ण बंद होत नाही, पेट्रोल झिरपत राहते, बाऊलमधील पातळी वाढते आणि ओव्हरफ्लोमधून थेंब पडू लागतात.

उजव्या कार्बोरेटरमध्ये दोष उलटा होता. त्याचे जेट जवळजवळ निर्दोष होते, पण पायलटच्या वाहिनीतून मुख्य नळीत उघडणारी, स्लाइडच्या (मूठ फिरवल्यावर वर उचलल्या जाणाऱ्या पडद्याच्या) कडेखाली असलेली अतिसूक्ष्म छिद्रे बुजलेली होती. वरवर स्प्रे मारून ती उघडत नाहीत, कारण तेथे साचलेला पेट्रोलाचा चिकटा वाळून लाखेसारखा कडक झालेला असतो. ही छिद्रे मोकळी आहेत की नाहीत हे पाहण्याची काकांची रीत सोपी आणि खात्रीची आहे. एअर स्क्रू काढून त्या भोकात क्लीनरची नळी लावायची, फवारा सोडायचा आणि मुख्य नळीत तो कोठून बाहेर पडतो ते पाहायचे. डावीकडे स्वच्छ बारीक धारा निघाल्या आणि उजवीकडे काहीच निघाले नाही.

त्यानंतरचे धुण्याचे काम अल्ट्रासॉनिक यंत्रात झाले. कोमट पाण्यात सौम्य साबणी द्रावण घालून त्यात उघडे केलेले बॉडी बुडवतात, आणि ध्वनिलहरींमुळे पाण्यात तयार होऊन फुटणारे सूक्ष्म बुडबुडे आतल्या वाहिन्यांमधील थर सोडवतात. रबर आणि प्लास्टिकचे सगळे भाग आधी काढून ठेवले जातात. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कार्बोरेटरचे बॉडी जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि तीव्र आम्ल किंवा कॉस्टिक सोडा त्याला खातो. काही ठिकाणी आम्लात बुडवून कार्बोरेटर नव्यासारखा चकचकीत करून देतात आणि ग्राहक खूश होतो, परंतु त्या चमकेबरोबर धातूचा वरचा थर आणि स्लाइडच्या बैठकीचे मापही जाते. काकांकडून परत आलेले बॉडी फिकट राखी दिसते, चकाकत नाही. दिसण्यासाठी काम करून घेणाऱ्यांना ते आवडणार नाही. मला ते आवडले. धुतल्यानंतर कॉम्प्रेसरच्या हवेने प्रत्येक वाहिनी फुंकली गेली आणि उजवीकडची ती छिद्रे उघडेपर्यंत धुणे व फुंकणे पुन्हा पुन्हा झाले. शेवटी क्लीनरच्या धारा दोन्हीकडे सारख्या निघताना त्यांनी मला दाखवल्या.

सुट्या भागांबाबत त्यांचे मत ठाम आहे आणि माझ्या मते याच मतात या सेवेचे खरे मोल आहे. बाजारात मिळणाऱ्या रिपेअर किटमधून ते गॅस्केट, ओ-रिंग आणि फ्लोट नीडल एवढेच घेतात. किटमधील जेट आणि जेट नीडल (स्लाइडला लागलेली निमुळती सुई) पाकिटातच ठेवून ग्राहकाला परत देतात. चाळीस वर्षांचा मूळ पितळी जेट, जर त्यातून कोणी तार फिरवली नसेल, तर कोणत्याही स्वस्त किटमधील नव्या जेटपेक्षा अचूक असतो. किटमधील जेटवर आकडा बरोबर छापलेला असतो, पण भोक त्या आकड्याचे असेलच असे नाही, आणि नीडलचा उतार मूळ नीडलशी जुळत नाही. त्यांनी पिन गेजने (ठरावीक जाडीच्या मोजमापाच्या सुयांनी) किटमधील दोन्ही मेन जेट (जास्त रेसवर पेट्रोल देणारे) माझ्यासमोर मोजले. एकाच आकड्याचे, एकाच पाकिटातले दोन जेट एकमेकांशी जुळत नव्हते. दोन सिलिंडरच्या गाडीत असे जेट बसवले तर पुढचे सगळे ट्यूनिंग निरर्थक ठरते. माझ्या डाव्या बाजूचा खराब झालेला पायलट जेट त्यांनी आपल्या साठ्यातील, उजव्याशी मोजून जुळवलेल्या जुन्या मिकुनी जेटने बदलला. सरसकट सगळे नवे टाकून बिल वाढवणे त्यांना सहज शक्य होते.

जोडणीच्या वेळी फ्लोटची उंची पाहताना त्यांनी कार्बोरेटर पूर्ण उलटा न धरता तिरका धरला. पूर्ण उलटा धरला तर फ्लोटच्या वजनाने नीडलमधील बारीक स्प्रिंग दबते आणि माप चुकते. फ्लोटची जीभ स्प्रिंगच्या टोकाला नुसती टेकली पाहिजे, दाबली जाता कामा नये. त्या क्षणी व्हर्नियरने उंची घेतली जाते आणि दोन्ही बाजूंची उंची सारखी येईपर्यंत ती जीभ अगदी थोडी वाकवली जाते. हे करताना दुकानात कोणी बोललेले त्यांना चालत नाही.

जुळवणीचा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. राजदूत ३५० मध्ये मुठीतून येणारी एकच केबल पुढे तीन वाटांनी जाते. दोन केबल दोन कार्बोरेटरना आणि तिसरी इंजिनाला वंगणाचे तेल देणाऱ्या ऑइल पंपाला. एअर क्लीनरची रबरे बाजूला करून त्यांनी दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाच्या ड्रिलची गुळगुळीत दांडी ठेवली, आयडलचे स्क्रू त्या मापाला आणले आणि मग मूठ अगदी हळू फिरवत, बोटे स्लाइडवर ठेवून दोन्ही एकाच क्षणी उचलतात का ते पाहिले. आरसा धरून मलाही पाहायला लावले. उजवी स्लाइड किंचित उशिरा उचलत होती. ॲडजस्टरच्या एका लहान फेऱ्यात ती जुळली. दोन्ही एअर स्क्रू त्यांनी पूर्ण बंद करून दीड फेरा उघडले आणि इंजिन तापल्यावर प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे ऐकून तेथून पुढे थोडे कमी-जास्त केले. या कार्बोरेटरचा तो स्क्रू हवेचा आहे, त्यामुळे उघडला की मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. पेट्रोल वाढवण्यासाठी तो उघडणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. शेवटी ऑइल पंपाच्या चाकावरील खूण तिच्या पिनसमोर आणली गेली. कार्बोरेटरच्या केबलला हात लागला की पंपाची केबल तपासायलाच हवी, कारण तेलाचे प्रमाण त्याच मुठीवर चालते. आधीच्या वर्कशॉपमध्ये ही खूण कोणी पाहिलेलीसुद्धा नव्हती.

पेट्रोलाविषयीही त्यांनी विचार केलेला आहे. आपल्याकडे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलाची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली आणि आता पंपावर दुसरे साधे पेट्रोल मिळत नाही म्हटले तरी चालेल. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट, आणि २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाला साधारण १३.५ पट. म्हणजे १९८० च्या दशकात ठरवलेल्या जेटमधून आजचे पेट्रोल गेले तर मिश्रण आपोआप पातळ होते, आणि पातळ मिश्रण म्हणजे तापलेला पिस्टन. काकांनी दोन्ही बाजूंना मेन जेट एक पायरी मोठा बसवला आणि जेट नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली, त्यामुळे नीडल वर उचलली जाऊन मधल्या टप्प्यावर पेट्रोल थोडे वाढते. इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि जुन्या जातीचे रबर फुगवते किंवा कडक करते. म्हणून पेट्रोलाची नळी आणि ओ-रिंग त्यांनी इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या वापरल्या. जुन्या गाडीचा कार्बोरेटर केवळ मूळ मापावर आणून दिला की काम झाले, असे मानणाऱ्यांशी मी या बाबतीत असहमत आहे. मापे पेट्रोलाप्रमाणे बदलावीच लागतात.

गाडी मिळाल्यावर तिची परीक्षा महूमार्गे जाम गेटच्या रस्त्यावर घेतली. अहिल्याबाई होळकरांच्या काळातील या दरवाजापासून मंडलेश्वरकडे उतरणारा विंध्याचा घाट कार्बोरेटरचा प्रत्येक टप्पा तपासून घेतो. उतारावर मूठ बराच वेळ बंद ठेवावी लागते. तेव्हा या गाडीला तेलही कमी मिळते, म्हणून मधूनमधून थोडी रेस देत राहावे. परत चढताना तिसऱ्या-चौथ्या गिअरवर, अर्ध्या मुठीवर गाडी कोठेही अडखळली नाही. इंजिनाच्या मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या पुढे जो जोर या गाडीची ओळख आहे तो दोन्ही सिलिंडरकडून एकदम आला. मोकळ्या सरळ रस्त्यावर पूर्ण रेसवर इग्निशन बंद करून, क्लच दाबून गाडी थांबवली आणि दोन्ही प्लग काढून पाहिले. दोन्हींचा रंग सारखा, फिकट चॉकलेटी. आयडलिंग आता मूठ सोडताच खाली येते.

त्रुटीही सांगतो. त्या प्रवासानंतर डाव्या बाऊलखाली पेट्रोलाचा ओलावा दिसला. तळाच्या ड्रेन प्लगचे वायसर जुनेच राहिले होते. काकांनी ते लगेच आणि पैसे न घेता बदलले, पण एवढ्या काळजीच्या कामात ही गोष्ट सुटायला नको होती. सांगितलेल्या तारखेला गाडी मिळाली नाही आणि बरीच लांबली. फोन केला तर उचलला जाईलच असे नाही. दोन्ही कार्बोरेटरची मजुरी ३,६०० रुपये पडली आणि सुट्या भागांचे पैसे वेगळे. आसपासच्या दरांपेक्षा ही रक्कम बरीच जास्त आहे, परंतु मोजमाप लिहिलेला कागद, जुने भाग आणि न वापरलेले जेट परत मिळतात, हे लक्षात घेता मला ती रास्त वाटते. स्लाइड आणि बॉडी यांच्यामधली झीज मात्र त्यांच्याकडे दुरुस्त होत नाही. स्लाइड बॉडीत खडखडत असेल तर ते तसे सांगतात आणि दुसरे बॉडी शोधायला लावतात. माझ्या उजव्या बाजूला ही झीज थोडी आहे, आणि अजून काही वर्षे ती चालेल असे त्यांचे मत पडले.

ज्यांना गाडी संध्याकाळपर्यंत परत हवी आहे त्यांनी येथे जाऊ नये. ज्यांच्या टाकीत गंज आहे त्यांनी आधी टाकीचे काम करावे, नाहीतर पहिल्याच भेटीत परत यावे लागेल. बुलेट, येझदी, आर.एक्स. १०० यांचे कामही ते करतात, पण जोड-कार्बोरेटरच्या गाडीला ते अधिक वेळ देतात. गाडी देताना त्यांनी सांगितले की ती आठवडाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून दोन्ही बाऊल रिकामे करावेत, कारण आजचे पेट्रोल बाऊलमध्ये राहिले की पायलटच्या छिद्रांत पुन्हा तोच चिकटा धरू लागतो. पावसाळ्यात हे विशेष पाळावे. ड्रेन प्लगचे दोन नवे वायसर त्यांनी त्यासाठी वेगळे पुडीत बांधून दिले आहेत.